वाण्याची वही बंद करा!

किराणा सामानाची यादी हा काही चळवळीचा विषय नव्हे, असे आपल्यातील अनेक कार्यकर्त्यांना वाटते. आरक्षण, अत्याचार, ऐक्य, निवडणुका यांवर रात्र रात्र बोलणारा आपला माणूस, घरात महिन्याला तेल किती लागते, तूरडाळ काय भावाने आली, वाण्याकडे बाकी किती राहिली, असे विचारले की गप्प होतो. 'ते घरचे बघतात' असे म्हणून मोकळा होतो. 'घरचे' म्हणजे घरातली बाई. बाकीच्या तगाद्याला तोंड तिने द्यायचे, दुकानदाराचे बोल तिने ऐकायचे आणि डब्यात हात घालून उरलेल्या डाळीत चार दिवस कसे काढायचे हे गणितही तिनेच सोडवायचे. आम्ही असे म्हणतो की ज्या घराला आपल्या चुलीचा हिशेब ठाऊक नाही, त्या घराला देशाच्या अर्थसंकल्पावर बोलण्याचा अधिकार असला तरी त्या बोलण्यात वजन राहत नाही.

वास्तविक पाहता किराणा हा आपल्या समाजापुरता नुसता पैशाचा प्रश्न कधीच नव्हता. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात गावोगावच्या बहिष्काराचे वर्णन आहे. आपली माणसे हक्क मागू लागली की गावाने काय करायचे? जमीन काढून घ्यायची, काम बंद करायचे, रस्ता अडवायचा आणि गावच्या वाण्याला सांगून मीठ-मिरची बंद करायची. चुलीला कुलूप घातले की चळवळीला कुलूप बसते, हे गावाला पक्के ठाऊक होते. त्याच वर्षी गोलमेज परिषदेपुढे मागण्या मांडताना बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असा आग्रह धरला, तो उगीच नव्हे. पुढे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरला. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदाही आला. कायदा आला, परंतु वही राहिली. आज कोणी आपल्याला दुकानाच्या पायरीखाली उभे करून पुडी वरून टाकत नाही. मात्र लाल वहीत ज्याचे नाव आहे त्याची मान दुकानासमोरून जाताना आजही खाली जाते.

दुसरी गोष्ट महागाईची. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण जयंतीला सांगतो. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी चलनाच्या चर्चेत मजुराची बाजू मांडली. भाव आधी चढतात आणि मजुरी मागाहून रखडत येते, म्हणून भाववाढीचा पहिला मार रोजंदारीवर जगणाऱ्याला बसतो, हे त्यांच्या मांडणीचे सार. शंभर वर्षे झाली, तरी हे सत्य बदललेले नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब खर्च पाहणीत ग्रामीण भागात घरखर्चातील सुमारे ४७ टक्के आणि शहरी भागात सुमारे ४० टक्के वाटा खाण्यापिण्यावर जातो, असे दिसले. ही सरासरी झाली. जो जितका गरीब तितका त्याचा हा वाटा मोठा. म्हणजे आपली निम्मी कमाई ज्या पिशवीतून जाते, त्या पिशवीकडे लक्ष देणे हे कद्रूपणाचे लक्षण कसे?

काटकसरीचे सल्ले देणारे पुष्कळ आहेत. 'महिन्याचे सामान एकदम भरा, घाऊक घ्या, स्वस्त पडते' असा त्यांचा मंत्र. ज्याची मजुरी रोज संध्याकाळी हातात पडते आणि रात्री चुलीत जाते, त्याने एकदम भरायला पैसे आणायचे कुठून? दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे उंदीर आणि ओल आहे, तिथे पन्नास किलो गहू ठेवायचा कुठे? सगळ्यांना एकच औषध चालत नाही. माणूस किराणा कसा आणतो, त्यावर त्याची गळती कुठे आहे हे ठरते. आमच्या पाहण्यात आपल्या समाजात किराणा आणण्याच्या पाच तऱ्हा आहेत. वाचकांनी आपली तऱ्हा ओळखावी आणि तिथेच उपाय करावा.

रोजचे रोज आणणारा

नाक्यावर उभा राहणारा कामगार, धुणीभांडी करणारी भगिनी, हमाल, शेतमजूर यांची ही तऱ्हा. दहाचे तेल, पाचची चहापत्ती, पाव किलो डाळ. याला मूर्खपणा म्हणणाऱ्याने गरिबी पाहिलेली नाही. हातात पन्नास असतील तर पन्नासाचीच खरेदी होते. पण गरीब माणूस किलोमागे श्रीमंतापेक्षा जास्त मोजतो, हेही तितकेच खरे. समजा, चहाची दहा रुपयांची पुडी २८ ग्रॅमची आहे आणि पाव किलोचे पाकीट ८० रुपयांना आहे. पुडीचा भाव किलोला ३५७ रुपये पडला, पाकिटाचा ३२०. तूरडाळ किलोने घेतली तर १४० आणि पाव किलो ३८ ला, म्हणजे किलोला १५२. एका जिन्नसावर बारा रुपये, दुसऱ्यावर सदतीस. डाळ, तेल, साखर, चहा, मसाला मिळून महिन्याला दोन दिवसांची मजुरी सहज अशी झिरपते.

यावर उपाय कर्ज काढून किराणा भरण्याचा नाही. एका वेळी एकच जिन्नस सोडवायचा. या आठवड्यात बाकी सगळे नेहमीसारखे सुटे आणा, फक्त रोज पंधरा-वीस रुपये बाजूला टाकून तेलाची एक पिशवी घ्या. ती पिशवी चालेल तोवर रोजचे तेलाचे दहा रुपये सुटतात. त्या सुटलेल्या पैशात पुढच्या आठवड्यात किलोभर डाळ. मग साखर, मग चहा. दीड-दोन महिन्यांत उधार न करता घर पुडीवरून किलोवर येते. शिडी एकदम चढता येत नाही, पायरी पायरीनेच चढावी लागते.

मात्र मोठे ते स्वस्तच, असे समजू नये. शाम्पूच्या बाबतीत एक-दोन रुपयांची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. मिलिलिटर पाहून खात्री करावी. आणि मोठी पिशवी घरात आली की हात सैल सुटतो, हाही अनुभव आहे. तेलाची पिशवी फोडली की तिचे सात दिवसांचे वाटे करून छोट्या बाटलीत रोजचे तेल काढावे.

सुट्या तेलाबद्दल एक इशारा. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार खाद्यतेल सुटे विकायला बंदी आहे, तरी ते वस्त्यांतून सर्रास विकले जाते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ होऊन अनेक माणसे मेली. स्वस्त तेल घेऊन दवाखान्याचे बिल भरणे ही काटकसर नव्हे. निदान तेलापुरती तरी बंद पिशवीच घ्यावी.

वहीवर आणणारा

दुसरी तऱ्हा उधारीची. कंत्राटी कामगार, सफाई कामगार, पगार वेळेवर न होणारे शिक्षक आणि अंगणवाडी सेविका, सगळे या वहीत सापडतात. उधारीला व्याज नसते, असे आपल्याला वाटते. व्याज असते, ते फक्त लिहिलेले नसते. वहीवर घेणारा भाव विचारत नाही. वजन पाहत नाही. जुना माल परत करत नाही. पलीकडच्या गल्लीत साखर दोन रुपयांनी स्वस्त असली तरी तिकडे जाऊ शकत नाही, कारण पिशवी दिसली की हा दुकानदार बाकी मागतो. भाव करण्याचा, दुकान बदलण्याचा, तक्रार करण्याचा असे तीन अधिकार आपण त्या वहीत गहाण ठेवतो.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत कामे बंद पडली तेव्हा अनेक वस्त्यांना कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदारानेच उधारीवर जगवले. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या दुकानाने ते केले नाही. तेव्हा आमचा राग माणसावर नाही, आपल्या पायात अडकणाऱ्या त्या दोरीवर आहे.

दोरी सोडवायची रीत अशी. पहिले, आपली स्वतःची वही करा. तारीख, जिन्नस, वजन, भाव हे दुकानातच लिहा किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. महिनाअखेर दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताळा करा. आपली वही आहे हे कळले की समोरची वही आपोआप सरळ होते. दुसरे, एक दिवस ठरवून बाकी गोठवा. समजा सहा हजार बाकी आहे. 'दर महिन्याला पाचशे देतो, यापुढे नवीन काही लिहू नका' असे स्पष्ट सांगा. वर्षात खाते बंद होते. तिसरे, त्या दिवसापासून माल रोखीने घ्या, थोडा कमी आला तरी चालेल. एका हाताने फेडायचे आणि दुसऱ्या हाताने नवीन लिहायचे, असे केले तर वही नातवापर्यंत जाते. आपल्या आजोबांच्या पिढीने सावकाराच्या वहीत आयुष्ये घातली, ती कशासाठी हे विसरू नये.

महिन्याचा भरणारा

तिसरी तऱ्हा पगारदाराची. एक ते सात तारखेच्या आत यादी जाते आणि महिन्याचे सामान येते. ही तऱ्हा सर्वात चांगली, पण यातही भोके आहेत. यादी डोक्यातून केली जाते, डब्यातून नाही. घरात दीड किलो रवा असतो आणि यादीत पुन्हा दोन किलो रवा लिहिला जातो. महिनाअखेर त्यात अळी होते. म्हणून यादी करायची ती स्वयंपाकघरात उभे राहून, एकेक डबा उघडून. आधी डबा, मग यादी. यादीत जिन्नसापुढे मागच्या महिन्याचा भाव लिहिण्याची सवय ठेवली तर महागाई कुठून येते ते घरातल्या प्रत्येकाला दिसते.

याच वर्गाला वर्षाचे धान्य भरणे शक्य असते. तूर आणि ज्वारी उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारात येते, गहू मार्च-एप्रिलमध्ये, मिरचीही त्याच सुमारास. माल नवा असतो तेव्हा भाव सहसा नरम असतो. कडक उन्हात वाळवून, डाळीला एरंडेलाचा हात लावून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवण्याचे शास्त्र आपल्या आयांना आणि आज्यांना तोंडपाठ होते. ज्याच्याकडे जागा आहे आणि हातात मोकळा पैसा आहे त्याने ते जरूर करावे. सोसायटीचे कर्ज काढून मात्र करू नये, कारण व्याज डाळीतली बचत खाऊन टाकते.

सुटे आणि पाकिटातले यांतला फरकही समजून घ्यावा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, छापील लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठाच्या पाकिटांवर ५ टक्के जीएसटी लागला. सुट्या धान्यावर तो नाही. चांगल्या दुकानातून सुटे गहू निवडून आणून गिरणीत दळले तर कर वाचतो, पाकिटाची किंमत वाचते आणि पीठ आपल्या डोळ्यांदेखत होते.

मॉलमध्ये जाणारा

चौथी तऱ्हा आपल्यातील नव्या मध्यमवर्गाची. आरक्षणामुळे नोकरी लागली, शहरात घर झाले, रविवारी मुलांना घेऊन मॉलमध्ये जाणे आले. ज्यांच्या आजोबांना दुकानाच्या पायरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांच्या नातवंडांनी चकचकीत दुकानात ढकलगाडी घेऊन फिरावे, आपल्या हाताने माल उचलून पाहावा, यात आम्हाला आनंदच आहे. तिथे जात कोणी विचारत नाही, भाव सगळ्यांना एकच, हा फायदा लहान नाही. परंतु तिथला सापळा वेगळा आहे. छोटा दुकानदार उधारीने बांधतो, तर मॉल मोहाने बांधतो. २००६ साली बिग बझारने २६ जानेवारीला 'सबसे सस्ता दिन'ची टूम काढली आणि प्रजासत्ताक दिनाला माणसे ध्वजवंदनाऐवजी रांगेत उभी राहिली. ज्या दिवशी संविधान अमलात आले तो या देशातला सर्वात मौल्यवान दिवस, त्याला सर्वात स्वस्त दिवस करून टाकला गेला! ती दुकाने २०२२ साली बंद पडली, पण ती चाल प्रत्येक मोठ्या दुकानाने उचलली.

मॉलमध्ये जाणाऱ्याने काही गोष्टी कराव्यात. यादी लिहून न्यावी आणि यादीत नसलेली वस्तू घ्यायची असेल तर यादीतली एक खोडावी. तीन-चार वस्तूंसाठी ढकलगाडी घेऊ नये, हातातली टोपली घ्यावी; गाडी रिकामी दिसली की भरावीशी वाटते. डोळ्यांच्या समोरच्या फळीवर सहसा महाग माल असतो, म्हणून वाकून खालची फळी पाहावी. 'एकावर एक मोफत' दिसले की दोन्हींची मिळून किंमत आणि वजन पाहावे. रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे रुपये गेले आणि सामानात शंभर वाचले, तर वाचले काय? बिल तिथेच उभे राहून तपासावे, कारण फळीवर लिहिलेला भाव आणि बिलातला भाव कधी कधी जुळत नाही.

मोबाइलवरून मागवणारा

पाचवी तऱ्हा तरुणांची. बोट लावले की काही मिनिटांत सामान दारात. आपली कितीतरी शिकलेली मुले पाठीवर तीच पिशवी घेऊन उन्हातान्हात गाड्या पळवतात, याचा विचार मागवणाऱ्याने करावा. पैशाच्या बाजूने पाहिले तर इथे गळती तीन ठिकाणी आहे. एक, पोहोचवण्याचा आणि हाताळणीचा आकार. दोन, तो आकार वाचवण्यासाठी नको असलेली वस्तू घेणे. तीन, पैसे हातातून जाताना न दिसणे. कोथिंबिरीसाठी मागवताना बिस्किटे, सरबत, चिवडा येतो. उपाय सोपा आहे. सामान मोबाइलवर निवडून ठेवावे आणि लगेच न मागवता दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावे. त्यातले निम्मे नको वाटते. मोबाइलचा खरा उपयोग भाव ताडून पाहण्यासाठी आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात जाण्याआधी चार ठिकाणचे भाव पाहून गेलो तर आपल्याला कोणी फसवू शकत नाही.

पाकीट वाचायला शिका

तऱ्हा कोणतीही असो, पाकीट वाचणे सर्वांना आले पाहिजे. पूर्वी चहा, तेल, बिस्किटे, साबण अशा १९ प्रकारच्या वस्तू ठरावीक वजनातच विकाव्या लागत. २०२१ च्या दुरुस्तीने ते बंधन गेले. आता कंपनी हव्या त्या वजनाचे पाकीट काढू शकते. किंमत तीच ठेवायची आणि आतला माल चार ग्रॅमने कमी करायचा, ही नवी युक्ती आहे. ९१० ग्रॅम म्हणजे साधारण एक लिटर तेल, पण फळीवर ८५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्याही तशाच दिसतात. स्वस्त म्हणून उचलली ती पिशवीच लहान असते. त्याच दुरुस्तीने पाकिटावर एकक किंमत छापणे आले. किलोपेक्षा कमी वजनावर ग्रॅममागे आणि जास्त वजनावर किलोमागे किती पडते, ते बारीक अक्षरात लिहिलेले असते. दोन पाकिटांची मोठी किंमत पाहू नका, हा बारीक आकडा पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचे तेल यांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तो फायदा आपल्यापर्यंत पोहोचला की मधेच अडकला, हे जुन्या बिलाशी ताडून पाहावे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. डॉ. आंबेडकरांनी 'शिका' म्हटले ते फक्त पदवीसाठी नव्हते, पाकिटावरची बारीक अक्षरे वाचणे हेही शिकणेच आहे.

रेशन ही भीक नव्हे

रेशनच्या दुकानातून मिळणारे धान्य ही सर्वात मोठी बचत आहे आणि आपण तिच्याकडेच दुर्लक्ष करतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी ही मुदत वाढवलेली आहे. पाच माणसांच्या घराला २५ किलो. बाजारात हेच धान्य ३२ रुपयांनी धरले तरी महिन्याला ८०० रुपये झाले. 'आम्ही कर भरतो आणि हे फुकट खातात' असे टोमणे मारणाऱ्यांना सांगा, की रस्त्यावर झोपणारा माणूसही साबणाच्या वडीवर आणि चहाच्या पुडीवर कर भरतो. तो रोज भरतो आणि त्याची पावतीही मागत नाही.

या कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील सर्वात मोठ्या प्रौढ स्त्रीचे नाव येते, हे किती भगिनींना ठाऊक आहे? अंगठा लावला की यंत्रातून निघणारी पावती मागून घ्या आणि पावतीवरचे किलो पिशवीतल्या किलोंशी ताडा. गाव सोडून कामासाठी दुसरीकडे गेलात तरी तिथल्या दुकानातून धान्य उचलता येते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे आणि जन्मलेल्या बाळाचे नाव चढवायला वर्षानुवर्षे लावू नका. कायद्यात दुकानावर देखरेख करणाऱ्या दक्षता समित्यांची तरतूद आहे. आपल्या वस्तीतल्या चार जाणत्या बायका त्या समितीत का नसाव्यात? तक्रारीचा क्रमांक १९६७. आणि एक कडू गोष्ट. ज्याला चांगला पगार आहे त्याने हे कार्ड वापरू नये, आणि ज्याला गरज आहे त्याने रेशनचा तांदूळ दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला दहा-बारा रुपयांनी विकू नये. विकलेला तांदूळ फिरून तिप्पट भावाने आपल्याच पिशवीत येतो.

एकट्याने नव्हे, एकत्र

एकट्या घराची ताकद किलोची असते, दहा घरांची ताकद पोत्याची. मुंबईच्या कामगारांनी १९४८ साली नायगावात ग्राहक सहकारी संस्था उभी केली आणि तिचे 'अपना बाजार' झाले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून, सगळ्यांची यादी एकत्र करून, घाऊक माल आणून वाटून घेण्याची रीत रुजवली. आपल्याकडे तर प्रत्येक वस्तीत बुद्धविहार आहे, महिला मंडळ आहे, बचत गट आहे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास हिशेबाचा ठेवला तर काय बिघडेल? दहा घरांनी सुरुवातीला फक्त तीन जिन्नस ठरवावेत. तेल, तूरडाळ, साखर. पैसे आधी गोळा करावेत, उधार कोणालाही नाही. दोघींनी बाजार समितीच्या आवारात किंवा घाऊक बाजारात जाऊन माल आणावा, विहारात सर्वांसमोर तोलावा आणि हिशेब फळ्यावर लिहावा. हिशेब उघडा राहिला तर गट टिकतो. हिशेब झाकला तर सहा महिन्यांत भांडण होऊन गट मोडतो, आणि मग दोष सगळ्या समाजाला लागतो.

धम्मातही हे सांगितलेले आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी तरुण सिगालाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवण्यासाठी. व्यग्घपज्ज सुत्तात त्यांनी तराजूचा दाखला दिला: मिळकत आणि खर्च यांची पारडी पाहून जगावे, उधळेपणा नको आणि उपाशी राहून साठवणेही नको. त्याच ठिकाणी दारू आणि जुगार ही संपत्तीची गळती म्हणून सांगितली आहेत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी आपल्या किती तरुणांच्या खिशात पुड्या असतात? रोजचे वीस रुपये म्हणजे वर्षाला ७,३०० रुपये. डाळीच्या किलोमागे बारा रुपये वाचवणाऱ्या बाईच्या घरात हे सात हजार कोण थुंकून टाकतो, याचा विचार पुरुषांनी करावा.

वाचलेल्या पैशाचे करायचे काय, हे आधी ठरवले नाही तर तो पैसा कुठे जातो ते कळत नाही. आम्ही सुचवतो की पहिल्या वर्षी वही फेडा. दुसऱ्या वर्षी एक महिन्याच्या किराण्याइतकी रक्कम मुलांच्या आईच्या नावाने बँकेत किंवा पोस्टात ठेवा, म्हणजे काम सुटले तरी पुन्हा वहीत नाव जाणार नाही. त्यानंतरचा पैसा मुलीच्या शिक्षणाचा. बाबासाहेबांनी परदेशात पोटाला चिमटा घेऊन पुस्तके जमवली आणि माता रमाईने मुंबईत पै-पैचा हिशेब करून संसार ओढला. त्या काटकसरीला मोठे उद्दिष्ट होते, म्हणून ती काटकसर इतिहास झाली.

ज्याची चूल दुसऱ्याच्या वहीवर पेटते, त्याला मत देताना, मोर्चात जाताना, अन्यायाविरुद्ध साक्ष देताना दहा वेळा विचार करावा लागतो. ज्याच्या घरात महिनाभराची डाळ आहे आणि कोणाची बाकी नाही, तो माणूस सरळ उभा राहतो. म्हणून येत्या पहिल्या तारखेला घरातल्या पुरुषांनी आणि बायकांनी एकत्र बसून डबे उघडावेत, यादी करावी आणि दुकानात जाऊन आपले खाते किती आहे ते विचारावे. आकडा ऐकायला कडू लागेल. पण तो आकडा कमी व्हायला त्याच दिवसापासून सुरुवात होईल.